न शिजणारी डाळ आणि रसायनशास्त्राचा पहिला धडा

रसायनशास्त्र शिकवायला कुठून सुरुवात करावी, याची दोन उत्तरे आहेत. रूढ उत्तर असे: आधी अणू, संयुजा, आवर्त सारणी, मग समीकरणे आणि दिवस उरलेच तर शेवटच्या धड्यात प्रदूषण. दुसरे उत्तर याच्या उलट. गावातली एक अडचण घ्यायची आणि ती उलगडायला जेवढे रसायनशास्त्र लागेल तेवढे त्या त्या जागी शिकवायचे. अमेरिकन केमिकल सोसायटीचे १९८८ सालचे शालेय पाठ्यपुस्तक रिव्हरवुड नावाच्या काल्पनिक गावातल्या नदीत मेलेल्या माशांपासून सुरू होते. ग्वाल्हेरला असे गाव कल्पावे लागत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नई सडकेवर पाणी दोन वाटांनी घरात येते. एक नळाचे, ते मुख्यतः सांक नदीवरच्या, १९१६ साली बांधलेल्या तिघरा धरणाचे. दुसरे बोअरचे. दोन्हींतला फरक प्रयोगशाळेच्या आधी स्वयंपाकघराला कळतो. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ टाकली की कुकरच्या शिट्या वाढतात आणि वरण तरीही गाठाळ राहते. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरे कडे धरते, गिझरच्या कॉइलवर खडा जमतो. घरात याला ‘पाणी जड आहे’ म्हणतात, पुस्तकात ‘दुष्फेन’ किंवा ‘कठीण’. शब्द वेगळे असले तरी कारण एकच: जमिनीतून झिरपताना विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

डाळीचे कोडे यांत सगळ्यात मजेचे. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात. उकळताना पेक्टिन सुटते आणि दाणा मऊ होतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर त्याचे दुहेरी धनभाराचे आयन पेक्टिनच्या साखळ्यांना टाके घालतात आणि दाणा टणकच राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ शिजते, कारण उकळत्या पाण्यात सोड्यामुळे कॅल्शियमचा काही भाग कार्बोनेट होऊन तळाशी बसतो आणि आम्लारीत पेक्टिन लवकर सुटते. मात्र त्याच आम्लारीत डाळीतले बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचे, या आज्यांच्या नियमामागेही पेक्टिनच आहे. आम्लात पेक्टिन सुटायला तयार नसते. आयन, भार, अवक्षेप, आम्ल आणि आम्लारी, सगळे एका पातेल्यात भेटतात.

साबणाचा हिशेब त्याहून उपयोगी, कारण तिथे ‘मोल’ ही विद्यार्थ्यांना छळणारी संकल्पना गळी उतरते. पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजतात आणि त्याचे रेणुवस्तुमान १०० आहे, हा शिक्षकाला मिळालेला वरच आहे. समजा, पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे लिटरमध्ये ४ मिलिमोल. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू अडवतो, म्हणजे ८ मिलिमोल साबण वाया. साबण सोडियम स्टिअरेटचा धरला तर त्याचे रेणुवस्तुमान ३०६. लिटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास. पंधरा लिटरच्या बादलीत सदतीस ग्रॅम साबण एकही डाग न काढता पांढरट चोथा होऊन तरंगतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० पर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. या दोन आकड्यांच्या मध्ये काय दडले आहे, ते बादलीच्या हिशेबानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

मध्य प्रदेशात या पद्धतीची मोठी परीक्षा होऊन गेली आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगाधारित विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तो सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके प्रश्न विचारत, उत्तरे मुलांनी करून शोधायची आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा असे. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे खेड्यापाड्यांतल्या साध्या शाळांत हे चालले, ही गोष्ट ‘आमच्याकडे सोयी नाहीत’ म्हणणाऱ्यांना ऐकवण्यासारखी आहे.

पाण्यानंतर नाला. लष्करातून वाहणारी स्वर्णरेखा आता नावापुरती नदी उरली आहे. काँक्रिटने बांधून काढलेल्या पात्रात सांडपाणी वाहते. स्वच्छ पाण्यात १० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ४० अंशांना जेमतेम साडेसहा. म्हणजे ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पाण्याची शिदोरी आधीच जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. त्यात सांडपाणी कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. देवघरातली चांदी काळी पडते तीही बहुधा याच वायूने. ऑक्सिडीकरण आणि क्षपण एरवी फळ्यावर इलेक्ट्रॉनांच्या बाणांत अडकून पडते. इथे ते नाकाला कळते.

हवा शिकवणे मात्र अवघड. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेर इराणच्या झाबोलखालोखाल दुसरे होते: घनमीटरला वर्षाची सरासरी १७६ मायक्रोग्रॅम, भारतीय मर्यादा ४०. माणूस दिवसाला दहा-बारा घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे दोन मिलिग्रॅम कण, मिठाच्या तीसेक बारीक दाण्यांच्या वजनाचे. पण हा एक पदार्थ नाही. काजळी, रस्त्याची धूळ, सल्फेट आणि नायट्रेट यांची ती खिचडी असते. एका समीकरणात ती मावत नाही. सुरुवातीला हवा घेतली तर धडा घोषणांत घसरतो.

तसा तो घसरलेलाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे केले, तेव्हापासून पर्यावरणाचे पुस्तक वेगळे आणि रसायनशास्त्राचे वेगळे. पहिल्यात चित्रे आणि प्रतिज्ञा, दुसऱ्यात समीकरणे. नाल्याचा फोटो डकवलेली प्रकल्पवही गुण मिळवून देते. नाल्याच्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न वहीत येतच नाही. अडचणीपासून सुरुवात करण्याच्या पद्धतीची खरी कसोटी तीच: अडचण सांगून झाल्यावर मोजमाप आले की नाही.

मोजायला फार लागत नाही. झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या, पावसाच्या पाण्यात विरघळवलेला साधा साबण (डिटर्जंट नव्हे) आणि एक ड्रॉपर. एका बाटलीत नळाचे, दुसरीत तेवढेच बोअरचे पाणी घ्यावे, एकेक थेंब टाकून हलवावे आणि मिनिटभर टिकणारा फेस किती थेंबांनी येतो ते मोजावे. पाणी उकळून, गार करून, पुन्हा मोजावे. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा हे करावे, आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत.