सामुदायिक भूमिन्यास

जमिनीची मालकी समाजाच्या वतीने कायम एका न्यासाकडे ठेवून तीवरील घरे कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याची पद्धती. पुनर्विक्रीची किंमत पट्ट्यानेच मर्यादित होत असल्याने पुढील कुटुंबालाही घर परवडते. या प्रकारची पहिली संस्था ‘न्यू कम्यूनिटीज’ अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६९ साली स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांपुढे विनोबांच्या ग्रामदानाचाही आदर्श होता. विनोबांच्या महाराष्ट्रात मात्र हे तत्त्व शहरी घरबांधणीत फारसे उतरले नाही.

त्यास येथील सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे भाडेकरू-मालकी गृहनिर्माण संस्था. १९६१ च्या सहकारी संस्था नियमांनुसार तीत जमीन संस्थेची व घर सभासदाचे असते. परवानगी मिळाल्यास सभासदाला परसात जादा खोल्या बांधून वाढते कुटुंब किंवा भाडेकरूही सामावून घेता येतो. तथापि घर विकताना संस्थेस केवळ हस्तांतरणाचे अधिमूल्य मिळते. किंमत बाजारभावानेच ठरते. म्हणजे जमीन सामाईक राहूनही तिची भाववाढ खाजगीच राहते. या प्रकारातील खरे वैगुण्य हेच होय.

विक्रीचा हक्कच नसेल तर काय साधते, हे कोल्हापूरच्या वसतिगृहांवरून दिसते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये मराठा व जैन, तर १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. दरबाराने अशा वसतिगृहांना जागा, इमारती व अनुदाने दिली. ही व्यवस्था जातवार होती आणि कुटुंबांसाठी नव्हती. परंतु खोली कोणा विद्यार्थ्याच्या मालकीची नसल्याने शिक्षण संपताच ती खेड्यातून येणाऱ्या पुढच्या मुलासाठी मोकळी होई.