मोटर जळली, असं आधी म्हणू नका

माळ्यावरून जुनं मॉडेल इंजिन खाली येतं, रुळावर ठेवलं की नुसतं गुरगुरतं, आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं: "मोटर जळली. नवी टाका." पनवेलात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उलट विचारतो, जळली कधी? इंजिन हॉर्नबीचं किंवा लिमाचं, कुण्या काकांनी परदेशातून आणलेलं. खोक्यात ठेवलं तेव्हा चालत होतं, आणि त्यानंतर कुणी हात लावला नाही. गुंडाळी जळते ती वीज वाहून तापल्यावर. खोक्यात बसून ती जळणार कशी?

खोक्यात होतं ते वेगळंच. जुनं वंगण सुकून डिंकासारखं होतं आणि गिअर व बेअरिंग धरून ठेवतं. पनवेलच्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत पितळी पिकअप पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, चाकांवर काळा. वीज मोटरीपर्यंत धड पोहोचत नाही. पोहोचली तरी मोटर फिरू शकत नाही. आणि इथेच खरं नुकसान सुरू होतं. फिरणारी मोटर स्वतःच उलट्या दिशेचा विद्युतदाब तयार करते, त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. अडकलेल्या मोटरीत हा उलटा दाब शून्य, म्हणून प्रवाह सर्वाधिक. "जरा जोर देऊन बघू" म्हणत कंट्रोलरची कळ शेवटपर्यंत फिरवणारा माणूस अशी धडधाकट मोटर स्वतःच्या हाताने जाळतो आणि वर म्हणतो, सांगितलं नव्हतं का!

तेव्हा आधी वीज नको. बॉडी उतरवा, गिअर बोटाने फिरवून पाहा. अडत असतील तर जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, मात्र रंगवलेल्या भागापासून ते लांब ठेवा. चाकं आणि पट्ट्या पुसा. कार्बन ब्रश झिजलेत का, त्यांची स्प्रिंग दाबते का, ते बघा. कम्युटेटरच्या तीन तुकड्यांमधल्या फटी लाकडी टूथपिकने साफ करा. ब्रशची काळी पूड विजेची वाहक असते, फटीत साचली की शॉर्ट होतो. काही इंजिनांत टीव्हीवर खरखर येऊ नये म्हणून मोटरीच्या दोन तारांमध्ये एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. तो शॉर्ट झाला तरी मोटर मेल्यासारखी वाटते.

एवढं करूनही शंका उरली तर मल्टिमीटर घ्या. तीन तुकड्यांच्या मोटरीत ब्रश काढून तुकड्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजा. आकडे जवळपास सारखे आले तर गुंडाळी शाबूत. एक आकडा बाकीच्या दोन्हींच्या दुप्पट दिसला तर त्या जोडीमधली तार तुटलेली आहे. म्हणजे "जळली" हे मत नव्हे, मोजता येणारी गोष्ट आहे. न मोजता बोलणाऱ्यांना माझा विरोध तेवढाच.

मोटर खरोखर गेलीच असेल तर पुढचा गैरसमज तयार असतो: जास्त फेऱ्यांची मोटर म्हणजे जास्त ताकद. लॅमिंग्टन रोडवरून डीव्हीडी ड्राइव्हची छोटी मोटर आणायची, १२ व्होल्टच्या रुळावर सोडायची. ती साधारण ५ व्होल्टसाठी बनवलेली. ती तापते आणि सुसाट सुटते. हिशेब करा. चाकाचा व्यास १२ मिलिमीटर, मोटर मिनिटाला १२,००० फेऱ्या, गिअर ३०ला १. चाक ४०० वेळा फिरलं, गाडी सेकंदाला पाव मीटर गेली, म्हणजे १:८७ या प्रमाणात ताशी सुमारे ७९ किलोमीटर. छान. आता १८,००० फेऱ्यांची मोटर आणि १५ला १ गिअर घ्या: ताशी २३६ किलोमीटर. एवढा वेग आपल्या डेक्कन क्वीनच्या स्वप्नातही नसेल. ताकद हवी असेल तर फेऱ्या कमी करणारा गिअर, इंजिनात वजन आणि १२ व्होल्टची, मंद फिरणारी मोटर हवी.

जुन्या उघड्या मोटरी उगाच सोडवूही नका. त्यांतले अल्निको चुंबक लोखंडी पट्टीचा आधार न देता बाजूला काढले की कमजोर होतात. मग इंजिन रिकामं वेगाने धावतं, डबे लावले की गळपटतं, आणि प्रवाह जास्त खातं. वेग वाढला म्हणून खूश होणारे इथे फसतात. उपाय म्हणजे चुंबक पुन्हा चुंबकित करून घ्यायचं.

खोबरेल तेल? नको. डिसेंबरात पनवेललाही ते बाटलीत थिजतं. शिलाई मशीनचं पातळ तेल धातूच्या बेअरिंगला सुईच्या टोकाएवढं. कम्युटेटरला अजिबात नाही.

रुळांना सँडपेपर? ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

नवी मोटर लावल्यावर इंजिन उलटं धावतंय? मोटर खराब नाही, तारा अदलाबदल करा. उजवा रूळ धन असताना इंजिन पुढे जावं, हा अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेच्या एस-९ मानकातला नियम आहे.

भारतीय इंजिनाच्या मॉडेलचे रूळ अरुंद वाटतात? १६.५ मिलिमीटर हे परदेशी १,४३५ मिलिमीटरच्या गेजचं माप. आपला १,६७६ चा ब्रॉडगेज त्याच प्रमाणात १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो.

"हे भारतात कोण करतं?" पुण्यात भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून उभं आहे. आणि माथेरानची गाडी हे मॉडेल नव्हे, १९०७ पासूनची दोन फुटी गेजची खरी रेल्वे आहे. तिला टॉय ट्रेन आपण म्हणतो.

डिजिटल डीसीसी डिकोडर बसवायची घाई असणाऱ्यांनी मात्र थांबावं. जुन्या इंजिनांत बहुधा एक ब्रश थेट धातूच्या चॅसिसला जोडलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर लावला की डिकोडर जातो, आणि त्याची किंमत मोटरीपेक्षा जास्त असते. जस्ताच्या मिश्रधातूची चॅसिस फुगून तडकलेली असेल तर तिथे कुठलीही मोटर उपयोगाची नाही. ओतताना मिसळलेल्या शिशामुळे झालेली ती आतली कीड आहे, ती उलटत नाही. अशा इंजिनाची चाकं, ब्रश आणि गिअर काढून ठेवावेत, पुढच्या कुणाच्या तरी "जळलेल्या" मोटरीला लागतील.