मृदू पाषाण, सावध हात

हळेबीडच्या पार्श्वनाथ बसदीत जाऊन आलेल्या यात्रेकरूंच्या मनात तेथील स्तंभ कायमचे घर करतात. सेनापती गंगराजाच्या स्मरणार्थ त्याचा पुत्र बोप्पदेव याने इ. स. ११३३ मध्ये ही बसदी उभारली. स्तंभांवरील आरशासारख्या झळाळीचे श्रेय शिल्पींच्या कौशल्याइतकेच त्यांनी निवडलेल्या मऊ पाषाणालाही आहे. सोपस्टोन या नावाने तो ओळखला जातो.

सोपस्टोनमधील प्रमुख खनिज म्हणजे संगजिरे. टाल्कम पावडर त्याचीच. काठिण्याच्या मोजपट्टीवर संगजिऱ्याचा अंक १, नखाचा सुमारे अडीच, तर संगमरवराचा सुमारे ३. म्हणूनच मऊ सोपस्टोनवर नखाने ओरखडा उठतो आणि करवतीचे पाते, जुनी कानस व चाकू एवढ्या साधनांवर घरीही शिल्प घडू शकते.

पूजेच्या मूर्तीला शास्त्रोक्त प्रमाणे असतात. ते काम शिल्पींचेच. नवशिक्याने बसलेला हत्ती किंवा पक्षी निवडावा. बारीक पाय वा लांब चोच सहज मोडते. दगड प्रथम भिजवून पाहावा. पृष्ठभाग सुकू लागला तरी ओलसर राहणारी रेघ बहुधा तडा दाखवते. चारही बाजूंनी आकृती रेखाटून आधी मोठे भाग काढावेत. डोळे, कान शेवटी. नंतर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने फिरवावा. झळाळीसाठी मधमाशांचे मेण वापरण्याचा प्रघात आहे. ज्या घरांत ते वर्ज्य, तेथे शिलाई यंत्राच्या तेलाचा हलका हात पुरतो.

खरा धोका धुळीचा आहे. काही सोपस्टोनमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते फुप्फुसात साठतात आणि त्यांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी प्रकट होतात. म्हणून ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याची खात्री देणाऱ्या विक्रेत्याकडूनच दगड घ्यावा. तरीही काम ओल्यानेच, मोकळ्या हवेत आणि एन-९५ मुखपट्टी लावून करावे. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. लहान मुलांना दूर ठेवावे.

खातेवहीतील चुकीची नोंद दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करता येते. दगडातून गेलेला कण मात्र परत जमा होत नाही, आणि श्वासावाटे आत गेलेली धूळही सहजी वजा होत नाही. दगड मऊ असला, तरी हिशेब कठोर आहे. तो सांभाळणाऱ्या घराला ही कला निर्मळ आनंद देते.