सतरा ध्येये आणि एक वही



"बचत गटांना तुम्ही शाश्वत विकास ध्येये शिकवता, म्हणजे नेमके काय करता?" असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. हे शब्द ऐकले की सरकारी परिपत्रक आठवते.

सप्टेंबर 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांनी ही ध्येये मान्य केली. ध्येये 17, त्यांखाली लक्ष्ये 169, मुदत 2030. गरिबी, भूक, पाणी, स्त्रियांची समानता, जंगल, हवामान असे पुष्कळ त्यांत येते. मोठ्या कंपन्या यावर चकचकीत अहवाल काढतात. सातपुड्यातल्या बायकांच्या गटाकडे एक वही असते, तीही बहुधा मुलाच्या शाळेची. म्हणून आम्ही सुरुवात वहीपासून करतो.

अक्कलकुवा भागातील ज्या गटाबरोबर मी काम करते, तो मोहाच्या फुलांचे लाडू विकतो. वहीत गूळ, तीळ, शेंगदाणे, जळण, गाडीभाडे सारे नीट लिहिलेले होते. मजुरीचा रकाना मात्र नव्हता. समजा, पाकीट 100 रुपयांचे आणि सामान व भाडे मिळून खर्च 70. उरलेल्या 30 रुपयांना सगळ्या जणी नफा म्हणत. फुले निवडणे, धुणे, भाजणे, कुटणे, लाडू वळणे यांत गेलेल्या दिवसांची मजुरी धरली, तर ती 30 रुपयांत बसेना. म्हणजे धंदा तोट्यात होता आणि तो तोटा बायका स्वतःच्या अंगमेहनतीने भरून काढत होत्या. आठवे ध्येय सन्मानाच्या कामाविषयी आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ इतकाच, की मजुरीचा रकाना आखायचा आणि भाव ठरवताना तो आधी भरायचा. भाव वाढला, काही गिऱ्हाइके तुटली. तरीही जुन्या भावाला परत जायचे नाही, असे बायकांनीच ठरवले.

पंधरावे ध्येय जंगलाचे आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात. पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. पण खाली पाचोळ्याचा थर असतो, त्यात फुले सापडत नाहीत. म्हणून पाचोळा पेटवून जमीन मोकळी करायची जुनी रीत आहे. ती आग कधी हाताबाहेर जाते आणि डोंगर चढते. मोहाची कोवळी रोपेही तिच्यात जळतात. उरतात ती गुरे खातात. त्यामुळे जुनी झाडे दिसतात, पण त्यांच्या मागून येणारी तरुण झाडे फार थोडी.

"बाई, पाचोळा जाळला नाही तर फुलं वेचायची कशी?" एका आजींनी मला विचारले. याला उपदेश हे उत्तर नव्हे. झाडाखाली खुंटांना जाळी बांधली, की फुले वरच्या वर झेलली जातात, माती लागत नाही, तासन्‌तास वाकावे लागत नाही. लाडवांना स्वच्छ फुले हवीच असतात. पण जाळीला पैसे पडतात आणि एकेका घराची झाडे डोंगरभर विखुरलेली असतात. जाळी पुरत नाही तिथे पाचोळा झाडून बाजूला करायचा, असे ठरले आहे. सगळे पाळतात असे मी म्हणणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी मान्य केली आहे. तो हक्काचा कागद हाती आला, की माणूस जाळीत पैसे घालायला धजावतो, असे माझे मत आहे.

बाराव्या ध्येयासाठी कागदी पिशव्या वापरून पाहिल्या. पावसाळी हवेत लाडू सादळले. दूरच्या मालाला प्लास्टिक अजून सुटलेले नाही. चर्चच्या आवारातील विक्रीला मात्र आपण घरून डबा आणलात तर पाकीट लागतच नाही.

कधी एखादा खरेदीदार 17 चौकटींचा फॉर्म पाठवतो. ज्या चौकटीचा पुरावा वहीत दाखवता येईल, तिथेच खूण करा, असे मी सांगते. सध्या दोनच होतात. त्या रंगीत चक्राचे चित्र आम्ही पाकिटावर छापत नाही.

आता पैशांचे. फुले एप्रिलमध्ये मिळतात, लाडू खपतात नाताळात. मधले महिने काढायला घरात रोख नसते, म्हणून बायका सुकवलेली फुले हंगामातच व्यापाऱ्याला पडेल भावाने देतात आणि पुढे लाडवांसाठी तीच चढ्या भावाने विकत घेतात. गटाला हंगामात रोख मिळाली, तर फुले घरातच राहतात. म्हणून मंडळ्यांना विनंती आहे, की नाताळची मागणी फेब्रुवारीअखेर कळवावी आणि निम्मी रक्कम गटाच्या बँक खात्यात आगाऊ भरावी. जाळ्याही त्याच पैशांतून, फुले गळू लागण्याआधी घेता येतील.