मशरूमच्या खोलीतले धुके कोणत्या पाण्याचे?

धिंगरी मशरूमची लागवड घराच्या मागच्या खोलीत करणारे पुष्कळजण आहेत. या पिकाला हवेत ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. पूर्वी त्यासाठी गोणपाट भिजवून टांगत. आता अनेकजण धुके सोडणारे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर बसवतात. त्यात कोणते पाणी घालावे, असे मला विचारले जाते. विचारणाऱ्याला काळजी पिकाची असते, मला त्याच्या फुप्फुसांची.

हे यंत्र पाण्याची वाफ करीत नाही. त्यातील चकती अतिशय वेगाने कंप पावते आणि पाण्याचे बारीक थेंब उडवते. पाण्यातले क्षार आणि जंतू थेंबाबरोबर हवेत जातात. थेंब सुकतो, क्षाराचा कण उरतो. बल्बवर, पिशव्यांवर बसणारी पांढरी भुकटी तीच, आणि ती श्वासातही जाते. हिशेब करून पाहा. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार ही पिण्याच्या पाण्याची आपल्याकडील स्वीकार्य मर्यादा. असे १० लिटर पाणी रोज उडवले तर ५ ग्रॅम भुकटी होते. बोअरचे पाणी तर पुष्कळदा याहून जड असते. पोटाला चालणारे पाणी फुप्फुसाला चालतेच असे नाही. भिजल्या गोणपाटाचे मात्र बरे होते: पाणी उडून जाई, क्षार कापडातच राहत.

“पाणी उकळून घालतो,” असे काहीजण सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, थोडा चुनाही तळाशी बसतो. बाकीचे क्षार तसेच राहतात. सॉफ्टनर चुन्याच्या जागी सोडियम घालतो, त्यामुळे भुकटी टळत नाही. डिस्टिल्ड पाणी उत्तम, पण रोज परवडत नाही. आरओ यंत्राने बहुतेक क्षार निघतात, म्हणून मी तेच सुचवतो. पहिल्या सरी सोडून धरलेले पावसाचे पाणी गाळून, उकळून, थंड करून वापरता येईल.

चांगले पाणीही टाकीत साठून राहिले की बिघडते. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून अधिकच जपावे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९८९ साली एका किराणा दुकानात भाज्यांवर धुके सोडणाऱ्या यंत्रातून लिजिओनेला जंतू पसरले आणि ग्राहकांना न्यूमोनिया झाला. ते लोक नुसते बाजारहाट करायला आले होते. आपण तर खोलीत तास न् तास असतो. टाकी रोज रिकामी करावी, घासावी, कोरडी होऊ द्यावी.

जंतू मारायचे म्हणून टाकीत औषध घालू नये. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालण्याचे जंतुनाशक बाजारात मिळे. त्याने फुप्फुसे निकामी होऊन अनेक माणसे, लहान मुले दगावली; कारण २०११ मध्ये उघडकीस आले. काड निर्जंतुक करण्यासाठी आणलेले फॉर्मेलिन किंवा बुरशीनाशक म्हणूनच टाकीजवळही ठेवू नका.

खोलीत काम केल्यावर काही तासांनी हुडहुडी, ताप, कोरडा खोकला, दम लागणे, दुसऱ्या दिवशी बरे वाटणे आणि पुन्हा तेच, असे होत असेल तर त्याला साधा ताप समजू नये. मशरूमच्या बीजाणूंनीही असे होते. काम करताना नाकावर चांगला मास्क बांधावा, टोपीच्या कडा वर वळण्यापूर्वी तोडणी करावी, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर आपण मशरूमच्या खोलीत काम करतो हे आवर्जून सांगावे.