निळ्या रंगाची वहिवाट

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय संघ ऑस्ट्रेलियात एकदिवसीय मालिका खेळायला उतरला तेव्हा खेळाडूंच्या अंगावर गडद निळी, खांद्यांवर रंगीत पट्टे असलेली जर्सी होती. १९९२च्या विश्वचषकातल्या जर्सीवरून ती बेतलेली होती. चाहत्यांनी तिचं मनापासून स्वागत केलं आणि भारताने ती मालिका २-१ अशी गमावली तरी हे प्रेम ओसरलं नाही. हे प्रेम जरा तपासून बघायला हवं, कारण वरवर पाहता त्याला काहीच आधार नाही. १९९२ साली भारताची कामगिरी वाईट होती. आठ सामन्यांपैकी दोन जिंकले, पाच हरले, श्रीलंकेविरुद्धचा सामना पावसाने खाल्ला, ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाकडून एका धावेने हार झाली आणि नऊ संघांत भारत सातवा आला. म्हणजे विजयाची आठवण म्हणून ही जर्सी लाडकी झाली असं म्हणता येत नाही. सौंदर्याचा मुद्दाही टिकत नाही. त्या स्पर्धेत सगळ्याच संघांना एकाच साच्यातली जर्सी दिली होती, फक्त कापडाचा रंग तेवढा वेगळा. भारतासाठी खास असं कुणी काही रेखाटलं नव्हतं. मग तीस-तीस वर्षं लोक नेमकं काय जपत आले?

याचं उत्तर त्या स्पर्धेच्या घडणीत सापडतं. १९८३चा विश्वचषक लॉर्ड्सवर पांढऱ्या कपड्यांत जिंकला गेला. तेव्हा अंतिम सामन्यातल्या वेस्ट इंडीजच्याही अंगावर पांढरंच होतं. १९८७ची स्पर्धाही पांढऱ्यातच झाली. रंगीत कपडे, पांढरा चेंडू आणि पाठीवर खेळाडूचं आडनाव हे सगळं विश्वचषकात पहिल्यांदा आलं ते १९९२ला. ऑस्ट्रेलियातले दिवसाचे सामने इथल्या घड्याळाप्रमाणे भल्या पहाटे सुरू होत. ४ मार्चला सिडनीत भारत आणि पाकिस्तान विश्वचषकात पहिल्यांदाच समोरासमोर आले. १८ वर्षांच्या तेंडुलकरने नाबाद ५४ धावा केल्या, यष्टीमागे किरण मोरेंचं अपील चालू असताना चिडलेल्या पाकिस्तानच्या मियाँदादने बेडूकउड्या मारल्या, आणि भारताने सामना ४३ धावांनी जिंकला. हा प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांना धावफलक विसरला तरी चालतो. दोन्ही बाजूंचे रंग आणि पाठीवरची नावं मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. लाखो लोकांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहिली आणि ती कोणत्या कपड्यांत पाहिली हे त्यांच्यात समान राहिलं. जर्सीवरचं प्रेम या सामाईक पाहण्यातून येतं, असं माझं म्हणणं आहे. बोधचिन्हावरची मतं आणि खेळाडूच्या थोरवीवरचे वादही तिथूनच येतात.

गावाकडच्या जमिनीचं उदाहरण इथे चपखल बसतं. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या बांधावरून जाणाऱ्यांची वहिवाट असते आणि मालकाला ती सहजासहजी मोडता येत नाही. संघाचा रंग, चिन्ह, क्रमांक हे कागदोपत्री क्रिकेट मंडळाचं किंवा क्लबच्या मालकाचं. वहिवाट मात्र प्रेक्षकांची. त्यांच्या मताला ‘नुसती भावना’ म्हणून बाजूला सारणारे हा हक्क ओळखत नाहीत.

वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबच्या इतिहासात याची पारख झालेली आहे. हा क्लब जवळजवळ शतकभर निळ्या रंगात खेळला. त्याचं टोपणनावच ‘ब्लूबर्ड्स’. २०१२ साली मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी रंग लाल केला आणि बोधचिन्हावर निळ्या पक्ष्याच्या जागी ठळकपणे ड्रॅगन आणला. लाल रंग शुभ आणि आशियाई बाजारपेठेत चालणारा, असा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी संघाने दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून प्रीमियर लीगमध्ये प्रवेश केला. १९६२ नंतर पहिल्यांदाच हा क्लब सर्वोच्च श्रेणीत पोहोचला होता. यशाने सगळं विसरायला लावलं असतं तर निषेध तिथेच संपला असता. तो संपला नाही. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, चाहत्यांना यश नको होतं असं नाही. ज्या यशाची ते पन्नास वर्षं वाट पाहत होते ते त्यांना ओळखीच्या रंगात हवं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोकांना नवं काहीच नको असतं, आज नाक मुरडतात आणि दोन वर्षांनी तीच जर्सी विकत घेतात. यात तथ्य आहे. युव्हेंटस क्लबने २०१७ साली जुनं बोधचिन्ह काढून ‘जे’ अक्षराचं चिन्ह आणलं तेव्हा पुष्कळ टीका झाली, पण ते टिकलं. तरीही चाहते बदलाचेच शत्रू असतात हा निष्कर्ष ब्राझीलच्या उदाहरणापुढे कोलमडतो. १९५० साली रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून हरला तेव्हा ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत होता. त्या पराभवानंतर पांढरा रंग देशाचा नाहीच अशी भावना पसरली. ‘कोरेयो दा मान्या’ या वृत्तपत्राने १९५३ साली स्पर्धा जाहीर केली. राष्ट्रध्वजातले चारही रंग जर्सीत हवेत, एवढी अट. आल्दिर गार्सिया श्ले नावाच्या, उरुग्वेच्या सीमेजवळ राहणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाने पिवळा अंगरखा, हिरवी गळपट्टी, निळी चड्डी आणि पांढरे मोजे असं चित्र पाठवलं. आज जगात सगळ्यात सहज ओळखली जाणारी जर्सी ती हीच. गंमत म्हणजे ब्राझीलने आपला पहिला विश्वचषक १९५८ साली जिंकला तो पिवळ्या जर्सीत नव्हेच. अंतिम सामन्यात यजमान स्वीडनही पिवळ्यात असल्याने ब्राझील निळ्यात उतरला होता. तरी पिवळा रंग कुणी टाकला नाही. बदल लोकांसमोर ठेवून, कारण सांगून केला की लोक तो आपला मानतात. लीड्स युनायटेडने २०१८ साली छातीवर मूठ ठेवलेल्या चाहत्याचं नवं बोधचिन्ह जाहीर केलं, त्यासाठी हजारो लोकांशी बोलल्याचंही सांगितलं, पण ते चित्र आधी कुणाला दाखवलंच नव्हतं. काही तासांत विरोधाच्या अर्जावर पन्नास हजारांवर नावं जमली आणि क्लबला माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे भगव्या जर्सीचं प्रकरण याच कसोटीवर बघावं. ३० जून २०१९ रोजी विश्वचषकात एजबॅस्टनला इंग्लंडविरुद्ध भारत गडद निळ्या-भगव्या जर्सीत खेळला आणि ३१ धावांनी हरला. आयसीसीच्या स्पर्धेत दोन्ही संघांचा रंग सारखा असेल तर एकाने पर्यायी रंग वापरायचा, यजमानाने आपला रंग ठेवायचा, असा तो साधा नियम. पण सामन्याआधीच महाराष्ट्र विधानसभेतले समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी यांनी या रंगामागे राजकारण असल्याचा आरोप केला, आणि पराभवानंतर मेहबूबा मुफ्तींनी त्याचं खापर जर्सीवर फोडलं. माझ्या मते खरी चूक रंगाची नव्हती. मंडळाने आणि आयसीसीने नियम वेळेवर, सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवला असता तर राजकारण्यांना एवढं मोकळं रान मिळालं नसतं.

परंपरा आहे म्हणून ती चांगलीच, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याच क्रिकेटमध्ये याचं जळजळीत उदाहरण आहे. मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर उभी होती: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’. तिला तुफान गर्दी होई, तिची मुळं जुनी होती, आणि तरीही गांधीजींनी १९४० साली तिला विरोध केला तो योग्यच होता. १९४६ नंतर ती बंद झाली. पण तिथल्या प्रेक्षकांनी थोरवी कशी जोखली हे मुद्दाम पाहावं. १९४३च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. सांगलीचे ख्रिश्चन विजय हजारे ‘रेस्ट’कडून खेळत होते. फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ धावांत त्यांच्या एकट्याच्या ३०९ होत्या. भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेक यांच्या २१. सामना हिंदूंनी डावाने जिंकला. आज त्या विजयाची आठवण फारशी कुणी काढत नाही, हजाऱ्यांच्या ३०९ ची काढतात. धर्मानुसार वाटलेल्या मैदानात लोकांनी थोरवीची वाटणी धर्मानुसार केली नाही.

थोरवीच्या वादात आकडेवाले म्हणतात, सरासरी बघा आणि मोकळे व्हा. आकडे अर्थातच हवेत. ते नसते तर १०,१२२ धावा करणाऱ्या गावसकरांचं आणि १५,९२१ धावा करणाऱ्या तेंडुलकरचं माप आपण कशाने घेतलं असतं? पण आकडे एकटे निकाल देत नाहीत. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२०, तेंडुलकरची ५३.७८. कांबळी तेंडुलकरपेक्षा मोठा, असं मात्र कुणी म्हणत नाही, कारण एकाच्या मागे १७ कसोटी आहेत आणि दुसऱ्याच्या मागे २००. १९८९ ते २०१३ या चोवीस वर्षांत आधी शाळेत असलेल्यांनी आणि मग आपल्या मुलांना शाळेत घालणाऱ्यांनी तोच माणूस मैदानात पाहिला. याच्या उलट बाजूला पद्माकर शिवलकर आहेत. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९.६९ ची सरासरी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण तो काळ त्यांच्यासारख्याच डावखुऱ्या फिरकीपटू बिशनसिंग बेदींचा होता. तरी मुंबईच्या मैदानांवर ‘पॅडी’ हे नाव आजही आदराने घेतलं जातं. देशाची टोपी न मिळताही त्यांची थोरवी मान्य झाली ती ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं गोलंदाजी करताना पाहिलं त्यांच्या साक्षीवर. मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तो २०१७ साली. लोकांचा निकाल कितीतरी आधी लागला होता.

छातीवरच्या जाहिरातींबद्दलही लोकांची नाराजी अशीच समजून घ्यायला हवी. सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन अशी नावं येत गेली. आयसीसीच्या स्पर्धांत मात्र छातीवर देशाचं नाव असतं आणि प्रायोजक बाहीवर जातो. विश्वचषकाच्या जर्सी लक्षात राहतात त्याचं हे एक कारण असावं. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यानंतर ड्रीम इलेव्हन बाजूला झाली आणि सप्टेंबर २०२५चा आशिया चषक भारताने मुख्य प्रायोजकाविना, केवळ देशाचं नाव मिरवत जिंकला. प्रायोजकाचा पैसा खेळाला लागतो हे मान्य, पण छातीची जागा कायम देशासाठी राखणं एवढ्या श्रीमंत मंडळाला जड नाही.

शेवटी क्रमांकाचा प्रश्न. इथे मला चाहत्यांच्या विरुद्ध बोलावं लागतं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत पालघरच्या शार्दूल ठाकूरने एकदिवसीय पदार्पण केलं ते १० क्रमांक घालून. त्यावर संतापाची लाट आली. पुढे त्याने ५४ क्रमांक घेतला, आणि तेंडुलकरचा १० यापुढे कुणाला द्यायचा नाही असं मंडळाने ठरवल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. २०२३ मध्ये धोनीच्या ७ बद्दलही तेच ऐकलं. वहिवाटीचा हक्क जाण्या-येण्याचा असतो. त्या वाटेवर कुंपण घालून दुसऱ्याला अडवण्याचा तो नसतो. अर्जेंटिनाने २००२च्या विश्वचषकात मॅराडोनाचा १० कायमचा बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. फिफाने १ ते २३ हे सगळे क्रमांक वापरलेच पाहिजेत असा आग्रह धरला आणि १० आरिएल ऑर्तेगाला मिळाला. तो नियम नसता तर २०२२ साली कतारमध्ये मेस्सीने चषक उचलला तेव्हा त्याच्या पाठीवर दुसराच आकडा असता, आणि मॅराडोना-मेस्सी ही तुलना एका क्रमांकावर येऊन उभी राहिली नसती. यावर कुणी नापोलीचा दाखला देईल. त्या क्लबने २००० साली मॅराडोनाचा १० निवृत्त केला. पण क्लब आपल्या गावापुरता निर्णय घेतो. देशाच्या संघात पुढच्या प्रत्येक पिढीचा वाटा असतो. अमेरिकेतल्या बेसबॉलने यातूनही वाट काढली. आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून वर्णभेदाची भिंत तोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांचा ४२ क्रमांक १९९७ साली सर्व संघांतून निवृत्त झाला, पण दर वर्षी १५ एप्रिलला आता प्रत्येक खेळाडू तोच क्रमांक घालून खेळतो. तिथे क्रमांक बंद असूनही रॉबिन्सन यांचा ४२ दर वर्षी नव्या खेळाडूंच्या पाठीवर येतो. आपला १० नुसताच बंद आहे.

तेंडुलकरने १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत पहिली कसोटी खेळायला सुरुवात केली तेव्हा तो १६ वर्षांचा होता आणि कसोटीत तेव्हा पाठीवर क्रमांक नसत. आज सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली शिवाजी पार्कला आणि आझाद मैदानात नेटमध्ये उभी आहेत. क्रिकेट मंडळाने १० क्रमांक खुला करावा, आणि तो पहिल्यांदा ज्याच्या पाठीवर दिसेल त्याच्यावर आपण चाहत्यांनी तुटून पडू नये.