टाकीपासून इंजिनापर्यंत आणि परत

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीत शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. भीमा ओलांडून दौंडहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता त्या दिवशी गाई-म्हशी आणि त्यांना घेऊन आलेल्या टेम्पो-पिकअपनी गजबजून जातो. पिकअपची पैदास व्हायच्या आधी असल्या रस्त्यांवर राज्य होतं ते जीपचं. साखर कारखाना, पुढारी, पोलीस, प्रवासी, कडब्याच्या पेंढ्या, सगळं तिनेच वाहिलं. त्यातल्या काही जीपा अजून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या असतात. त्यांचं बॉनेट उघडलं तर कित्येकदा आत दिसतं ते जन्माचं इंजिन नसतं.

मोटारीचं इंजिन बदलणं हा तसा जुना खेळ. ब्रिटिश एसी कंपनीच्या नाजूक स्पोर्ट्स कारमध्ये कॅरोल शेल्बीने १९६२ साली फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. १९६४ ची सनबीम टायगर अशीच. त्या गाडीत इंजिन इतकं दाटीवाटीने बसलं, की मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत पोहोचायला इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्याला भोक पाडून वर रबरी बूच लावावं लागलं. आपल्या जीपची गोष्टही यापेक्षा फार वेगळी नाही. महिंद्राने दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-३बी जीपचं बॉनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच आहे, ते इंजिनापायी. मूळ जीप बनवणाऱ्या विलिसचं हरिकेन हे पेट्रोल इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ मध्ये बॉनेटच वर उचललं गेलं.

पुढे पेट्रोल परवडेनासं झालं. डिझेल बरंच स्वस्त होतं आणि डिझेल इंजिन लोड घेऊन चढाला लागलं तरी दमत नसे. १९८५ च्या एमएम ५४० मध्ये महिंद्रानेच प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन दिलं. गॅरेजवाल्यांनी तोच मार्ग जुन्या पेट्रोल जीपांना दाखवला. हरिकेन काढायचं, डिझेल बसवायचं. फाउंडेशन नवं, गिअरबॉक्सची प्लेट नवी, रेडिएटर मोठा. एवढं झालं की गाडी तयार, असं बघणाऱ्याला वाटे. पण बदललेलं इंजिन पुढे नीट चालणार की रस्त्यात उभं राहणार, हे ठरवणारी वस्तू करंगळीहूनही बारीक असते आणि ती चेसीच्या आतल्या बाजूने अंधारात धावत असते. ती म्हणजे इंधनाची पाइप.

पेट्रोल जीपमध्ये तिचं काम सोपं होतं. टाकी आसनाखाली. तिथून एक पाइप निघून इंजिनावरच्या फिडपंपात जायची, पंप पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला द्यायचा. कार्ब्युरेटरची वाटी भरली की सुई बंद, पुरवठा बंद. जायची वाट तेवढी, यायची नाही.

डिझेलचं तसं नाही. त्याचा इंजेक्शन पंप डिझेलवरच थंड राहतो आणि डिझेलचंच वंगण खातो. जाळायला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल त्यातून फिरतं. इंजेक्टरमधूनही थोडं डिझेल मागे झिरपतं. हे सगळं उरलेलं, गरम झालेलं आणि कधी बुडबुडे घेतलेलं डिझेल टाकीत परत जायला हवं. म्हणजे दुसरी पाइप हवी, आणि टाकीला दुसरं तोंड हवं. मिस्त्री तिला ‘रिटर्न’ म्हणतात. टाकीला तोंड पाडायचा कंटाळा म्हणून रिटर्न पाइप ‘टी’ लावून जाणाऱ्या पाइपमध्येच जोडून टाकायची पळवाट काही ठिकाणी काढली जाते. ती चूकच आहे. गरम डिझेल आणि हवा पुन्हा पुन्हा त्याच पंपात फिरत राहते. सकाळी गाडी गोड चालते, दुपारी घाटात धाप लागते, आणि मालक बिचाऱ्या पंपाला दोष देत बसतो.

टाकीला तोंड पाडणं हे मात्र खरोखर जपून करायचं काम आहे. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते. वास गेला म्हणजे वाफ गेली, असं होत नाही. पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली पेट्रोल दडून राहतं. अशा टाकीला वेल्डिंगची ज्योत लावणं म्हणजे जिवाशी खेळ. टाकी धुऊन काढण्याची पद्धत आणि साधनं ज्याच्याकडे आहेत, त्याच्याच हाती ती द्यावी. त्यापेक्षा बरं म्हणजे मीटरच्या फ्लोटची झाकणी बाहेर काढून, टाकीपासून लांब, तिच्यावर निपल बसवून घ्यावं.

मग पाइप कुठून न्यायची? नवं इंजिन जागेवर बसल्याशिवाय हे ठरवता येत नाही, कारण सायलेन्सरची बाजू बदललेली असू शकते. ज्या बाजूला एक्झॉस्ट, त्याच्या उलट बाजूच्या चेसीने इंधन न्यावं, हा पहिला नियम. पेट्रोलच्या बाबतीत त्याला खास कारण आहे. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेर उकळू लागतात, आणि इथल्या उन्हाळ्यात तर सावलीतला पाराच चाळिशी गाठतो. पाइप मॅनिफोल्डच्या आचेत आली की आत वाफेचे फुगे धरतात, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढतो आणि गाडी सिग्नलला बंद पडते. ओलं फडकं पंपावर टाकून वाट बघणारे फियाटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा प्रकार माहीत आहे.

पाइप कशाची असावी, यावर गॅरेजात वाद होतात. तांब्याची पाइप हाताने वळते, दिसायला सुरेख, म्हणून अनेकांना मोह होतो. पण तांबं थरथरीने कडक होत जातं. एखादी जुनी तांब्याची पाइप सोडवून सांध्याजवळ नखाने चाचपली, तर फुगवलेल्या तोंडाच्या अगदी मागे केसासारखी आडवी चीर सापडते. बाहेरून तिथे फक्त धूळ चिकटलेली, ओलसर काळी कडी दिसते. शिवाय तांब्यामुळे साठलेलं इंधन लवकर खराब होऊन चिकट होतं. स्टीलची पाइप वळवायला जड, पण चेसीवर तीच हवी. दर फूट-दीड फुटावर रबराचं अस्तर असलेली क्लिप, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, आणि चेसी संपून इंजिन सुरू होतं तिथे वीतभर रबरी होज. हा वीतभर तुकडा सोडून चालत नाही, कारण चेसी स्थिर असते आणि इंजिन आपल्या फाउंडेशनवर डोलत असतं. रेस दिली की डिझेल इंजिन कसं अंग झटकतं, ते बॉनेट उघडून एकदा बघावं.

डिझेलच्या ओढणाऱ्या बाजूचा दोष तर लपून बसणारा. तिथे पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. सांधा ढिला असला तरी थेंब बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमीन कोरडी, पाइप कोरडी, आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. ‘हवा धरली’ म्हणतात ती ही. तो सांधा सापडायला चांगला मिस्त्री तात्पुरती पारदर्शक नळी लावतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो.

आता चाक उलटं फिरलंय. काही हौशी मंडळी डिझेल काढून जुन्या जीपांमध्ये पुन्हा पेट्रोल इंजिन बसवतात, तर कुणी त्यांत नवं पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन घालतात. इथे दोन गोष्टी बदलतात. पहिली दाबाची. कार्ब्युरेटरला पाव-तृतीयांश बार दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण तीन बार लागतो. कार्ब्युरेटरची होज तिथे लावली तर ती फुगते, निसटते आणि गरम इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी उडते.

दुसरी गोष्ट श्रीगोंद्याच्या शेतातून येते. हा तालुका उसाचा, नागवडे आणि कुकडी हे सहकारी साखर कारखाने इथलेच. ऊस आणि मळी यांपासून बनणारं इथेनॉल देशात २००३ पासून पेट्रोलमध्ये मिसळायला सुरुवात झाली. सुरुवातीला प्रमाण ५ टक्के होतं, २०२२ मध्ये १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण जुन्या गाड्यांचं रबर या पेट्रोलासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल ते रबर फुगवतं, मऊ करतं, शिवाय हवेतलं पाणीही ओढून घेतं. जुनी होज ब्लेडने आडवी कापली तर आतला थर बोटाला काजळीसारखा लागतो. तोच चुरा पुढे फिल्टर आणि जेट बुजवतो. होज घेताना म्हणून तिच्यावरचा छाप वाचावा. एसएई जे३० आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबाची, आर९ ही इंजेक्शनची. आर९ च्या आत फ्लोरोरबराचं अस्तर असतं आणि ते इथेनॉलला चांगलं टिकतं. कार्ब्युरेटरच्या गाडीलाही तीच घालणं शहाणपणाचं आहे. वीतभर तुकड्याची किंमत आणि गाडी जळण्याचा धोका यांत तुलनाच नाही.

कागदांचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतला तपशील परस्पर बदलता येत नाही, म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी आरटीओची पायरी चढणं भाग आहे. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली, पण ती मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना. जीपचं जन्माचं इंजिन शेडमध्ये पडून असेल तर ते भंगारात घालू नये, ते यासाठीही.

सगळं जोडून झालं की इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, बंद करायचं आणि पांढऱ्या कोरड्या कापडाने एकेक सांधा पुसायचा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं तर डिझेलचा थेंब सकाळी पारदर्शक डाग होऊन दिसतो. पेट्रोल मात्र रात्रीत उडून जातं, कागद कोरडाच राहतो. तिथे पहाटे शेडचं दार उघडताना, विडी पेटवायच्या आधी, नाकाने तपासावं लागतं.